गाण्याच्या आत जायची पेटी

हल्ली डोळ्यांवर डबडं बांधलं की माणूस म्हणे गाण्याच्या आत शिरतो. मान फिरवावी तिकडे गाणं. मागे पाहिलं तरी गाणं. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या माणसांना हे सांगून पाहा. ते तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारतील आणि म्हणतील, "त्याच्यात काय नवल हाये गा? आमच्या गिरिधरनं हे कवाच करून ठेवलं व्हतं." नागपूरकरांना कशाचंच नवल वाटत नाही, हे सोडून द्या. पण या एका बाबतीत त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

गिरिधर कोष्ट्यांच्या घरचा. बाप, काका, आजा सगळे हातमागावर बसणारे, आणि यानं मात्र पोरवयातच धोटा टाकून कॅमेरा धरला. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचा 'छाया' नावाचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतीवर रंगवलेला महाल आणि हंस, एक स्टूल, मागे फोटो धुवायची काळी कोठडी. त्याच्या मागे राहतं घर. माणूस मुलखाचा सालस, पण जागेपणीही अर्धा झोपेत असल्यासारखा. हाक मारली तर 'ओ' यायला वेळ लागायचा. गिऱ्हाईक पावडर लावून, भांग पाडून, श्वास रोखून बसलेलं असायचं आणि हा काळ्या फडक्यात डोकं घालून आतच रमलेला असायचा. एकदा एका नवरदेवानं विचारलं, "काढला का फोटो?" तर हा फडक्यातूनच म्हणाला, "थांबा, पाहून राहिलो."

त्याच्या डोक्यात ही पेटी शिरली ती बुधवार बाजारात. सिव्हिल लाईन्समधल्या कुठल्याशा बंगल्यातून निघालेलं भंगार एका जुन्या सामानवाल्यानं मांडलं होतं. त्यात एक लाकडी दुर्बीण होती. दोन भिंगं, आणि समोर खाचेत अडकवायचं एक लांबट कार्ड. कार्डावर एकच फोटो दोनदा चिकटवलेला. एका तळ्यात एक होडी, आणि शेजारी पुन्हा तेच तळं, तीच होडी. साहेबाला पैसा फार झाला असावा, असं गिरिधरला वाटलं. मग त्यानं भिंगांना डोळे लावले.

दोनाचं एक झालं. होडी फोटोतून उठून पुढे आली, तिच्यामागे पाणी लांबवर पसरलं, आणि त्याच्याही पलीकडे डोंगर गेले. होडीचा दोर तर इतका जवळ आला की गिरिधरनं तो धरायला हात पुढे केला. शेजारच्या चहावाल्याचे भरलेले ग्लास खाली गेले. शिव्या खाल्ल्या, भरपाई दिली, पण दुर्बीण घेऊनच तो घरी आला.

त्यातली मेख त्याला हळूहळू कळली. ते दोन फोटो एकसारखे नव्हतेच. उजव्या डोळ्याला दिसतं ते उजवीकडे, डाव्याला दिसतं ते डावीकडे; दोन्ही मनात एक होतात आणि जवळचं जवळ, दूरचं दूर उभं राहतं. कळल्यावर त्यानं एका फळीवर दोन सारखे कॅमेरे शेजारी शेजारी ठोकले आणि दोघांच्या खटक्यांना मिळून एकच दोरा बांधला. दोरा ओढला की दोन्ही डोळे एकदम उघडत. गल्लीतल्या लोकांनी या यंत्राला 'गिरिधरचा चष्मा' असं नाव देऊन टाकलं.

आता प्रेमिलाची गोष्ट. उमरेडच्या अलीकडे खैरझरी नावाचं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण आता नाही. तिथल्या एका शेतकरी कुटुंबानं फोटोसाठी गिरिधरला बोलावलं होतं. आश्विनाचे दिवस होते, ज्वारी कमरेच्या वर आलेली. अंगणात पोरी भुलाबाईची गाणी म्हणत होत्या. भुलाबाई आणि भुलोजीच्या मातीच्या मूर्ती पाटावर मांडून, टाळ्यांच्या ठेक्यावर. गाणी संपली की डब्यातली खिरापत ओळखायची. डबा कानाशी हलवायचा आणि आत काय असेल ते सांगायचं. त्यात एक पोरगी गाणं उचलून धरत होती, तीच प्रेमिला. गाणं तिच्या आईनं, प्रयागबाईनं जुळवलेलं. त्या गावाबाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"माहेराच्या वाटे कोन भेटलं वं?
खैराचं बन भेटलं, सावली देली वं.
माहेराच्या वाटे कोन भेटलं वं?
झऱ्याचं पानी भेटलं, गोड लागलं वं."

असं एकेक कडवं पुढे सरकत होतं. बन, झरा, चिंच, विहीर, गोठा, अंगण. ऐकणारा आपोआप चालत चालत घरापर्यंत येत होता. आणि शेवटी:

"माहेराच्या दारी कोन भेटलं वं?
दारी उभा बाप माहा, 'आली का' म्हने वं."

गिरिधरची शेवटची एस.टी. गेली. ती गेली ती गेलीच, आणि गिरिधरही कामातून गेला.

पुढचं सगळं लांबण लावून सांगत नाही. प्रेमिलाचे वडील रुपराव कुणबी, शेतीवाले, गावात मान असलेले. कोष्ट्याच्या, त्यातून फोटो काढत फिरणाऱ्या पोराला मुलगी देणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण प्रेमिला बापाचीच मुलगी. तिनंही हेका सोडला नाही. नागपुरात लग्न लागलं. माहेरचं कुणी आलं नाही. रुपरावांनी एवढंच म्हटलं, "तिनं आपलं दार पाह्यलं. आता ह्या दारात तिच्यासाठी कोनी उभं राह्यनार नाही."

त्यांच्याकडे लेक माहेरी आली की आधी दारात थांबायची. आईनं तिच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, आणि बापानं दारात येऊन म्हणायचं, "आली का वं बाई?" तेवढं झालं की मग उंबरा ओलांडायचा. बाप दारात आला नाही तर पाणी कशाचं आणि उंबरा कशाचा! दर भुलाबाईला प्रेमिला गावी जायची, विहिरीपर्यंत. प्रयागबाई घागर घेऊन तिथे यायची. दोघी विहिरीच्या काठावर बसायच्या, रडायच्या, हसायच्या, लेकीच्या ओटीत लाह्या आणि संत्री पडायची आणि लेक परतीची बस धरायची. लग्न झाल्यापासून प्रेमिला ते गाणं म्हणताना अंगणाच्या कडव्याशी थांबायची. दाराचं कडवं तिनं कधी म्हटलं नाही.

गिरिधर हे ऐकायचा. कोठडीच्या लाल उजेडात फोटो धुताना पलीकडून तिचं गाणं यायचं, आणि अंगणापाशी आलं की तुटायचं. तिथे त्याचे हात थांबायचे. तिला त्या दारातून बाहेर काढणारा आपणच, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. कुणी त्याला दोष दिला नव्हता, प्रेमिलानं तर नव्हताच. पण काटा रुतला होता तो रुतला होता.

मग खाण आली. उमरेडच्या बाजूला जमिनीखाली कोळसा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तो आपल्याच गावाखाली आहे हे खैरझरीला उशिरा कळलं. गाव उठणार, लांब माळावर नवी वस्ती होणार, असं ठरलं. प्रेमिलानं ते ऐकलं. तांदूळ निवडत राहिली. निवडलेले तांदूळ तिनं पुन्हा निवडायला घेतले.

"आपण तुह्या मायचं गानं काढू," गिरिधर म्हणाला.

"काढू म्हंजे?"

"फोटो. एका कडव्याचा एक फोटो. माह्या दोन डोयांच्या कॅमेऱ्यानं. पेटीत लावाचे, तू गानं म्हनाचं, कडवं बदललं की फोटो बदलवाचा. पेटीले डोये लावले की मानूस गान्यात. बनातून निंघाला की झरा, झऱ्यावरून चिंच. गाव जाऊ दे जाते तिकडं. वाट आपल्यापाशी राहीन."

प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस अर्धा झोपेत असतो हे तिला माहीत होतं, पण त्याची स्वप्नं कधी कुणाच्या वाईटावर नसत. "न् शेवटचं कडवं?" तिनं विचारलं.

"गाव उठून राह्यलं वं. आता कशाचा राग? येतीन ते दारात."

गल्लीच्या तोंडाशी विश्वनाथचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडचा टेपरेकॉर्डर मागून आणला, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि प्रेमिलानं गाणं म्हटलं. अंगणापाशी ती क्षणभर थांबली. मग कित्येक वर्षांनी तिनं दाराचं कडवं म्हटलं. आवाज थोडा कापला, पण गिरिधरनं ते पुन्हा म्हणवून घेतलं नाही.

खैरझरीत ते दोघं पोचले तेव्हा अर्ध्या घरांच्या छपरांवरची कवेलू उतरली होती. बैलगाड्यांवर दारं, तुळया, पाळणे लादलेले. कुणी कुणाकडे लक्ष देत नव्हतं. गिरिधरनं बनापासून सुरुवात केली. तो फळी धरून उभा राही, डोळे मिटून आधी कडवं मनात म्हणे, मग दोरा ओढी. प्रेमिला त्याच्या मागून चालत होती, वाटेवरच्या एकेका झाडाला हात लावत. झऱ्यात तिनं पाय बुडवले. चिंचेखाली पडलेले आकडे ओच्यात घेतले. विहिरीपाशी आल्यावर तिचे पाय सवयीनं थांबले. प्रयागबाई तिथे होतीच. आज तिनं लेकीचा हात धरला आणि तिला अंगणात आणलं.

दार पश्चिमेचं होतं. दुपार कलली होती आणि तिरपं ऊन उंबऱ्यावरून आत शिरलं होतं. आत, थेट समोर, बाजेवर रुपराव बसले होते. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, हात गुडघ्यांवर. त्यांना सगळं दिसत होतं आणि ते काहीच पाहत नव्हते.

"उठा न," प्रयागबाई म्हणाली. "पोरगी आली. निस्ते दारात या. उद्या दारबी नाही राह्यनार."

"नाही राह्यनार तं नाही."

"तुमच्या पाया पडतो, बाबा," प्रेमिला अंगणातून म्हणाली. "घरात नाही येत मी. तुमी दारात या फक्त."

रुपराव बाजेवरूनच म्हणाले, "फोटो काढाचा तं काढा म्हना. मी काई हालत नाही."

गिरिधरनं फळी छातीशी धरली. रागावून बसलेल्या माणसाचा फोटो फार चांगला येतो, पापणीसुद्धा हलत नाही, हे धंद्यातलं सत्य त्याला या वेळीही आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. पुढे तुळशीचा ओटा, मग अंगण, मग दाराची चौकट, आणि चौकटीच्या पार आत, उन्हाच्या पट्ट्यात, म्हातारा. त्यानं दोरा ओढला. परतताना चिंचेपर्यंत प्रेमिलानं मागे पाहिलं नाही, आणि चिंचेपाशी पाहिलं तेव्हा दारात फक्त आई होती.

गाव उठलं. रुपराव नव्या वस्तीत गेले आणि माघाच्या थंडीत एका पहाटे तिथेच संपले. निरोप मिळून प्रेमिला पोचली तेव्हा त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं. त्या नव्या घराला तर अजून दारच बसवलं नव्हतं.

तेरवी होऊन बरेच दिवस गेले आणि मग एका दुपारी प्रेमिलानं आपणहूनच फोटोंची चळत पुढ्यात ओढली. चिकटवण्याचं काम नेहमी तिचंच असे. मैद्याची खळ करायची, जोडीतले दोन फोटो पालथे टाकायचे, पाठीला खळ लावायची, आणि मग एकेक उचलून, उलटून, कार्डावर आपल्या जागी बसवायचा. एकेकच. दोन्ही एकदम उचलून पुस्तकाचं पान उलटावं तसे उलटले, की डावा उजवीकडे जातो आणि उजवा डावीकडे. गिरिधरनं हे तिला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. बन झालं, झरा झाला, विहीर झाली. शेवटची जोडी दाराची. तिची पाठ खळीनं ओली होती आणि प्रेमिलाचे डोळेही. तिनं दोन्ही फोटो दोन्ही हातांनी एकदम उचलले, उलटले आणि कार्डावर ठेवले.

पेटी गिरिधरनं सागाची केली होती. समोर दोन भिंगं, आत कार्डांचं चाक, बाजूला दांडा. डॉक्टरांच्या जुन्या नळीचे दोन फाटे विश्वनाथनं टेपच्या भोंग्याला असे जोडून दिले की गाणं दोन्ही कानांत उतरे आणि बाहेरचं काही ऐकू येत नसे. पहिल्यांदा अर्थातच प्रेमिला बसली. नळ्या कानात, डोळे भिंगांना, डोक्यावरून काळं फडकं. महालातली दुपार, सायकलींच्या घंट्या, भांडेवाल्याची आरोळी, सगळं तिच्यापुरतं मिटलं. तिला गाणं ऐकू येत होतं. गिरिधर मनात कडवी म्हणत, तिच्या पाठीवर बोटानं ठेका धरून दांडा फिरवत होता.

"बन," ती पुटपुटली. "आई गं, केवढं जवळ हाये." मग, "पानी, पानी हालून राह्यलं जसं." पाणी हलत नव्हतं, फोटोतलं पाणी कसं हलेल? पण गिरिधरनं तिला तसं सांगितलं नाही. चिंच आली, विहीर आली, गोठा आला. अंगण आलं. शेवटचा दांडा फिरला.

"अहो," ती ओरडलीच, कारण कानांत नळ्या होत्या आणि तिला स्वतःचा आवाज कळत नव्हता, "बाबा भायेर आले!"

आणि नमस्काराला ती अशी वाकली की तिचं कपाळ पेटीवर आपटलं.

तिला बाजूला करून गिरिधरनं डोळे लावले. कार्ड उलटं लागलं होतं. जवळचं दूर गेलं होतं, दूरचं जवळ. तुळशीचा ओटा आत भिंतीत जाऊन बसला होता. चौकट मागे सरली होती. आणि खोलीत आत, उन्हाच्या पट्ट्यात बसलेले रुपराव बाजेसकट चौकटीच्या पुढे आले होते. बाहेर, उजेडात. हात पुढे केला तर मिशांना लागेल इतके.

माणूस स्वप्नाळू असला तरी धंद्यातला होता. तोंडातून निघून गेलं, "कारड उलटं चिकटलं वं. दोन्ही फोटो एकदम उलटवले तू."

"असं का?" प्रेमिला म्हणाली. कपाळ चोळत ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली असताना गिरिधरनं ते कार्ड पाण्यात भिजवलं, फोटो सोडवले, पुसले आणि डावा डावीकडे, उजवा उजवीकडे असे नीट लावले. तुळस अंगणात आली. चौकट पुढे आली. सगळं जिथल्या तिथे. त्याला वाटलं, आपण चांगलं काम केलं.

प्रेमिलानं संध्याकाळी पेटीत पाहिलं. गाणं संपेस्तोवर ती हलली नाही. मग नळ्या काढून तिनं टेबलावर ठेवल्या.

"आत गेले परत," ती म्हणाली.

भांडली नाही, रडली नाही. पण त्यानंतर ती पेटीकडे फिरकली नाही, आणि काही दिवसांनी गिरिधरच्या ध्यानात आलं की कोठडीत गाणं येत नाही. अंगणापर्यंतसुद्धा नाही. बनाचं पहिलं कडवंही नाही. लाल उजेडात उभं राहून तो ऐकत राही आणि नळाचं पाणी ठिबकत राही. त्याला स्वतःचा विलक्षण राग आला. एकदा तिला त्या घरातून काढलं, ते तरी प्रेमानं. आणि आता, बाप मेल्यावर दारात आला होता, तर त्याला उचलून पुन्हा आत बसवला. कशासाठी? डावं डावीकडे असावं म्हणून!

त्यानं कार्ड पुन्हा भिजवलं. चूक जाणूनबुजून करणं फार कठीण असतं. हात दरवेळी बरोबरच करायला बघत होते. अखेर त्यानं दोन्ही फोटो पालथे टाकले, डोळे मिटले, दोन्ही एकदम उचलले आणि पान उलटावं तसे उलटून ठेवले. प्रेमिलाला काही सांगितलं नाही. पेटी तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, आतल्या दाराशी नेऊन ठेवली आणि तो दोनचार दिवस मुद्दाम बाहेरची कामं घेत राहिला. एका सकाळी दाढी करताना त्याला स्वयंपाकघरातून गाणं ऐकू आलं. बन, झरा, चिंच. विहीर. गोठा. अंगण. गिरिधरनं वस्तरा खाली ठेवला. दार.

पुढे पेटीचा बोभाटा झाला. खैरझरीची माणसं कामाधंद्याला नागपुरात पांगली होती. ती शोधत शोधत गल्लीत येऊ लागली. कुणी गोठ्यापाशी थांबवायला सांगे, कुणी झऱ्यापाशी. एक म्हातारा चिंचेखालून हलायलाच तयार नव्हता. महालातलेही लोक येत. ज्यांनी ते गाव कधी पाहिलं नाही तेही फडक्यातून बाहेर येताना पाय जपून टाकत, जणू झऱ्यातून येत आहेत. शेवटच्या कार्डाशी मात्र बहुतेकांचे डोळे चुरचुरत.

"शेवटचं कारड चुकलं हाये गा," विश्वनाथ एकदा म्हणाला. "तुळस भितीत घुसली न् म्हातारा हवेत बसला. डोये दुखून राह्यले माहे."

"चुकलंच हाये."

"मंग सुधरव न."

"नाही," गिरिधर म्हणाला, आणि एवढं झटपट उत्तर त्यानं आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

आश्विन आला. प्रेमिलानं भुलाबाई मांडली आणि प्रयागबाई नव्या वस्तीतून एस.टी.नं नागपुरात आली. लेकीच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. हातात खिरापतीचा डबा, काखेला भाकरीची शिदोरी, कपाळ मोकळं. ती आत यायच्या आधी स्टुडिओच्या पायरीवरच टेकली आणि म्हणाली, "कोठी हाये वं ते पेटी? आख्खी वस्ती त्याच्याच गोठी करून राह्यली."

गिरिधर चरकला. बाकी सगळ्यांचं ठीक होतं. ही त्या माणसाबरोबर जन्म काढलेली बाई. तो दारात आला नाही हे तिनं शेजारी उभं राहून पाहिलं होतं. ती म्हणेल, हे काय खोटं करून ठेवलं? आणि एकदा ती बोलली की प्रेमिलाला पुन्हा कधीच काही दिसणार नाही. त्याला वाटलं, विश्वनाथचा टेप बिघडला म्हणून सांगावं. पण प्रेमिलानं पेटी उचलून आणली होती, पायरीजवळच्या स्टुलावर ठेवली होती, आणि आईच्या कानांत नळ्या घालत होती.

गाणं सुरू झालं. गिरिधर दांड्याशी उभा राहिला. प्रयागबाई बनात हसली. झऱ्यात तिनं पायांची बोटं आखडली. विहिरीपाशी म्हणाली, "दोर कोनं सोडला वं असा?" गोठा गेला. अंगण आलं. गिरिधरचा हात दांड्यावर थिजला. कडवं सुरू होत होतं आणि तो फिरवत नव्हता. प्रेमिलानं आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दांडा फिरवला.

प्रयागबाईचा उजवा हात वर गेला. पदर कपाळावर ओढून घेतला, आणि पेटीपासून उठून, डोळे खाली करून, ती एका बाजूला सरली. नवरा दारात आला की ती जन्मभर अशीच सरत आली होती. नळ्या कानांतून सुटून लोंबत राहिल्या. त्यांतून बारीक गाणं येत होतं.

"माय?" प्रेमिला म्हणाली.

"पानी आन वं," प्रयागबाई म्हणाली. "तुहा बाप दारात येऊन राह्यला न् तू अशीच उभी? गडवाभर पानी आन."

प्रेमिलानं पाणी आणलं. प्रयागबाईनं तिला स्टुडिओच्या पायरीवर उभं केलं, भर गल्लीत. तिच्या पायांवर पाणी घातलं. शिदोरी सोडून भाकरीचा तुकडा मोडला, लेकीवरून ओवाळला आणि रस्त्यावर टाकला. मग मान वर करून, पदराआडून, जे म्हणायचा मान तिचा नव्हता ते तीच म्हणाली, "आली का वं बाई?"

प्रेमिलानं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती मोठ्यानं रडली. सायकलवाले थांबून पाहत होते. पाहोत बापडे.

गिरिधर पेटीमागे उभा होता. आपल्याला इथे काही काम नाही असं त्याला वाटलं आणि तो हळूच कोठडीकडे वळला.

"जवाई," प्रयागबाईनं हाक मारली.

याही वेळी 'ओ' यायला थोडा वेळ लागला.

"तुमी कोठी चालले? हिकडे या." गडव्यात उरलेलं पाणी तिनं हलवून पाहिलं. "तुमचेबी पाय राह्यले हायेत इतक्या वर्साचे."

गिरिधरनं चपला काढल्या आणि पायरीवर उभा राहिला.